तिसऱ्या गिअरची जागा

आबा चहा बशीतून प्यायचे आणि त्यांचा भुरका गल्लीत ऐकू जायचा. धुळ्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात सकाळ व्हायची ती ठरावीक आवाजांनी. आधी मायचा स्टोव्ह फुरफुरायचा, मग चौकातला हापसा कुरकुरायला लागायचा आणि मग आबांचा तो लांबलचक भुरका. शेजारच्या अक्का भिंतीपलीकडून म्हणायच्या, "उठना मेस्तरी," म्हणजे आबा उठले. मला त्या भुरक्याची फार लाज वाटायची. मी तेव्हा कॉलेजात जायला लागले होते, वर्गातल्या मुली कपातून चहा पीत होत्या, आणि त्यांतली एखादी घरी आलीच तर मी आबांचा चहा मागच्या दारी नेऊन द्यायची. पुढे कधीतरी आबांनी बशी सोडली. काचेच्या ग्लासातून पिऊ लागले, तोही माय अर्धाच भरायची. "बशीमा चहा थंड व्हई जास," असं त्यांनी कारण दिलं. आयुष्यभर ज्यांनी चहा थंड करण्यासाठीच बशीत ओतला त्यांनी हे कारण द्यावं, यात काही खटकण्यासारखं आहे असं मला वाटलं नाही. मला वाटलं, पोरीची लाज त्यांच्या ध्यानात आली. मी मनातल्या मनात त्यांचे आभारही मानले.

आबांचं गॅरेज आग्रा रोडला होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, समोर एक कडुनिंब, त्याखाली तेल पिऊन काळी झालेली जमीन आणि एक बाजेवजा बाकडं. इंजिनाच्या कामाला लोक कुठेही जात, पण गिअरचं काम असलं की आबा मेस्तरी. जीप असो, मेटॅडोर असो, एखाद्या डॉक्टरची फियाट असो. आबांची एक रीत होती आणि ती सगळ्या धुळ्याला ठाऊक होती. काम झालं की गाडीवाल्याला शेजारच्या सीटवर बसवायचं, त्याच्या हातात चहानं काठोकाठ भरलेली बशी द्यायची आणि गाडी लळिंगच्या चढापर्यंत नेऊन परत आणायची. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पुन्हा उलटे. बशीतला चहा सांडला तर गिअरबॉक्स परत खाली. नाही सांडला तर गाडीवाल्यानं तोच चहा कडुनिंबाखाली बसून प्यायचा आणि मगच किल्ली घ्यायची. मोठमोठी माणसं ती बशी दोन्ही हातांत धरून, श्वास रोखून बसलेली मी पाहिली आहेत. गार झालेला तो चहा ते कौतुकानं पीत.

आबांना मुलगा नव्हता. ही गोष्ट आबांपेक्षा लोकांच्याच जास्त ध्यानात असायची. मी शाळेत असल्यापासून शेडमध्ये जायची ती डबा घेऊन, आणि डबा संपेपर्यंत तिथे पडलेल्या एका मेलेल्या जीपमध्ये बसून राहायची. त्या जीपला इंजिन नव्हतं, चाकं नव्हती, पण गिअरची लिव्हर होती. आबांनी मला गिअर त्या जीपवर शिकवला. त्याआधी घरी, चुलीपुढे राख पसरून तिच्यावर बोटानं रेघा काढून दाखवल्या होत्या. इकडे वर पहिला, खाली दुसरा, मग मध्ये यायचं, थांबायचं, आणि उजवीकडे वर तिसरा. माय ओरडली होती की भाकरीत राख जाईल. जीपमध्ये त्यांनी माझा हात लिव्हरवर ठेवला आणि वर आपला हात ठेवला. जाड, गरम, ग्रीसच्या वासाचा हात. "गिअर ढकलना नही, नंदे," ते म्हणाले. "त्याले जागा दखाडनी. तो सोताच जास." दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना मध्ये जी पोकळी लागते तिथे ते माझा हात क्षणभर थांबवून धरायचे. तिथे घाई केली की चुकलं, असं त्यांचं म्हणणं. आता माझ्या मुलाच्या गाडीला गिअरच नाहीत, पाय दाबला की ती जाते, आणि तरीसुद्धा तिच्या चाकामागे बसले की माझा डावा हात मांडीशेजारी काहीतरी शोधत राहतो. सून हसते.

ज्या उन्हाळ्याबद्दल मला लिहायचं आहे त्या उन्हाळ्यात माझी परीक्षा संपली होती आणि मी सबंध दिवस शेडमध्ये असायची. वस्तीतल्या बायका मायला विचारायच्या, पोरीचं लगीन करायचं की तिला ट्रकवर बसवायचं. माय म्हणायची, "ट्रक कोठे भेटी राहिना?" त्या उन्हाळ्यात आबा माझ्यावर एवढी कामं सोपवू लागले की मी हवेत होते. बारीक नट मी लावायची, पिन मी बसवायची, क्लिपा मी चढवायची. "तू लाव, नंदे. मना हात जाडा शेत, तुना बारीक शेत." आबा बाजूला उभे राहायचे, एक हात काखेत, दुसऱ्यात घट्ट धरलेलं फडकं, आणि मला सांगत राहायचे. मला वाटायचं, मी तयार झाले. घरी जाऊन मी मायला सांगायची की आज आबांनी मला अमुक करू दिलं, तमुक करू दिलं. माय भाकरी थापत ऐकायची. तिचा हात क्षणभर थांबायचा आणि पुन्हा चालू व्हायचा.

अशात एक दिवस अमळनेरहून विनूशेठ ती गाडी घेऊन आले. विनूशेठांच्या वडिलांची तिकडे तेलाची गिरणी होती, तोवर ती बंद पडलेली. गाडी वडिलांची, विलायती, दोनच सीटची, छत कापडाचं आणि तेही फाटलेलं. इतकी बुटकी की शेडसमोर थांबली तेव्हा कडुनिंबाखालचं कुत्रं उभं राहून तिच्यात डोकावलं. एके काळी ती लाल असणार. पण आबा तिच्याकडे असे बघत राहिले की मी त्यांना कधी तसं बघताना पाहिलं नव्हतं. मग मला कळलं, की अगदी तरुणपणी आबा त्या गिरणीच्या मोटारशेडमध्ये कामाला होते आणि थोरल्या शेठनी त्यांना गाडी चालवायला शिकवली ती याच गाडीवर. आमच्या वस्तीतल्या पोराला त्या काळी अशा गाडीच्या सीटवर बसू देणं ही साधी गोष्ट नव्हती. गिरणीतली माणसं कुजबुजली होती. थोरल्या शेठनी कुणाचं ऐकलं नाही आणि लळिंगच्या चढावर, शेजारी बसून, आबांकडून तिसरा टाकून घेतला होता. बशीतल्या चहाची रीतसुद्धा थोरल्या शेठचीच. आबांनी ती तिथून उचलली होती, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"मेस्तरी, तिसरा सापडतच नाही," विनूशेठ म्हणाले. "रस्त्यात नुसती शोधाशोध. मागचे हॉर्न मारतात, शिव्या देतात. दुसराही ओरडतो. चार जणांना दाखवली, सगळे म्हणतात जुनी गाडी आहे, अशीच चालवा."

"तिसरा कोठे जाई, शेठ?" आबा म्हणाले. "तठेच शे. रस्ता बुजी गया व्हई."

"नीट करा. मी ती विकतोय. नाशिककडचे एक गृहस्थ घेणार आहेत. त्यांच्या हातात देताना ती बापाच्या वेळी होती तशी असावी, एवढंच." हे म्हणताना विनूशेठ गाडीकडे बघत नव्हते. ते गेल्यावर आबा मला म्हणाले, "जावा पहिले एकदा लळिंगवर तिसरा टाकसू." गाडी जाण्यापूर्वी एकदा, त्याच चढावर, आपल्या हातानं. आबांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मला त्यापूर्वीचं आठवत नाही. मायच्या हातचं वांग्याचं भरीतसुद्धा ते मागत नसत, पुढ्यात आलं तर बोटं चाटून खात.

मी लिव्हर हलवून पाहिली. पडायला आलेला दात जिभेनं हलवावा तशी ती चहूकडे हलत होती. गिअर पडलेला असतानाही डावीकडे उजवीकडे वाटेल तितकी फिरायची. आबांनी मला समजावून सांगितलं की असा ढिलेपणा एका जागेचा नसतो. लिव्हर ज्या वाटीत बसते ती वाटी झिजलेली, खालच्या दांड्याच्या जोडातली पिन झिजून तिचं भोक लांबट झालेलं, आणि गिअरबॉक्स ज्या रबरावर टेकतो तो रबर बसून गेलेला. प्रत्येक ठिकाणी केसभर, पण हातापर्यंत येता येता त्याचं वीतभर होतं. पिना आणि त्या ज्यात फिरतात ते बुश आम्ही लेथवाल्याकडून नवे करून घेतले. रबर एका जुन्या ट्रकच्या रबरातून कापून काढला. वाटीचा प्रश्न राहिला, कारण तसली वाटी हिंदुस्थानात कुठे मिळणार? आबांनी कापसाच्या जिनमधून रोलरची जुनी चामड्याची चकती आणवली. आमच्याकडे जिन रग्गड, आणि रोलरच्या चामड्याइतकं चिवट चामडं दुसरं नसतं. कापूस आणि सरकी सोडवून सोडवून ते घोटून गुळगुळीत झालेलं असतं. ती चकती एरंडेलात भिजत घातली, मऊ झाल्यावर मी ती ब्लेडनं कापून वाटीच्या आत बसवली. कापायला मीच. आबा बोटानं दाखवत होते आणि मी कापत होते. सबंध शेडला एरंडेलाचा वास होता, आणि माय डबा घेऊन आली तेव्हा म्हणाली की इथे कुणाला जुलाब झालेत का.

लिव्हर बसवली. मी हलवून पाहिली आणि माझ्या अंगावर शहारा आला. कुठे म्हणजे कुठे हलत नव्हती. गिअर पडायचा तो कडीत कडी पडावी तसा, हलका टक् करून. मला कधी नव्हे ते नाचावंसं वाटलं.

विनूशेठ आले, माय घरून चहाचं भांडं घेऊन आली, बशी भरली गेली. विनूशेठ धोतराचा सोगा सावरत बशी घेऊन बसले, आबा चाकामागे. दोनच सीट, त्यामुळे मी कडुनिंबाखाली. गाडी लांब जाईपर्यंत मी ऐकत होते. पहिल्यावरून दुसऱ्यावर गेली ते ठीक ऐकू आलं. मग मध्ये एक लांब रिकामी जागा, इंजिन नुसतं गुरगुरलं, मग दातावर दात घासल्याचा आवाज. ती परत आली तेव्हा विनूशेठांचं धोतर मांडीवर भिजलेलं होतं. ते हसले. "थोडा रुसलाय अजून, मेस्तरी."

"अजून ढिला शे," आबा म्हणाले. "ठेवी जा शेठ. करी देस."

आम्ही पुन्हा खोललं. मी चामडं तपासलं, पिना तपासल्या, रबर तपासला. सगळं जागच्या जागी. आबा म्हणाले, चामडं जाड पाहिजे. मी दुसरी चकती कापली. ती बसवली तर लिव्हर घट्ट होऊन हलेचना, मग पहिलीच परत घातली. दांड्यात एक पातळ वॉशर घातलं, ते काढलं. आबा स्वतः लिव्हर हलवून बघायचे आणि म्हणायचे, "ढिला शे." मी हलवायची तर ती पक्की. मला आधी वाटलं की माझाच हात कच्चा, त्यांना जे कळतं ते मला कळत नाही. मग राग यायला लागला. दिवस जात होते, नाशिकच्या गृहस्थांचा निरोप येत होता, आग्रा रोडचे इतर गॅरेजवाले चहाच्या टपरीवर आबांना ऐकू जाईल असं बोलत होते. आबा मेस्तरींना एका बुटक्या गाडीनं आडवं पाडलं म्हणे. एकदा मी चिडून म्हणाले, "आबा, गिअर बसना ना आते. काय राहिनं त्यामा?"

आबा गाडीत बसलेले होते. इंजिन बंद. दुपारची वेळ, रस्त्यावर ऊन म्हणजे नुसती आग, शेडचा पत्रा मधूनमधून कडकड वाजत होता. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "तुले समजत नही. देख, तिसरावर जाताना देख कशी थरथरस." आणि त्यांनी लिव्हर धरून मला दाखवली. खरंच थरथरत होती. मी शेजारच्या सीटवर बसले आणि ती थरथर कुठून येते ते बघावं म्हणून त्यांच्या हातावर माझा हात ठेवला. जीपमध्ये त्यांनी माझ्या हातावर ठेवला होता तसाच.

थरथर लिव्हरमध्ये नव्हती. माझ्या तळव्याखाली, त्यांच्या कातड्याच्या आत, पिंजऱ्यात काहीतरी फडफडावं तशी ती होती. मी हात काढला नाही. मला आठवतं, मी समोरच्या काचेकडे बघत होते आणि काचेवर मेलेला एक भुंगा चिकटलेला होता. आबांनीही हात काढला नाही. काखेतला हात, घट्ट धरलेलं फडकं, माझे बारीक हात, अर्धा ग्लास, बंद झालेला भुरका, हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं. मग मी म्हणाले, "हा आबा. अजून ढिला शे." आबा उतरले आणि कडुनिंबाखाली जाऊन बाकड्यावर बसले, रस्त्याकडे तोंड करून.

घरी मी मायला विचारलं. ती ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं पीठ मळत होती. "माय, तुले माहीत व्हतं?"

"व्हतं ना."

"मंग माले काब नही सांगं?"

ती मळत राहिली. "ते शिकाडी राहिंतात, तू शिकी राहिंती. मधमा मी काय बोलू?" मग पिठाच्या हातानं तिनं कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, की सरकारी दवाखान्यात ते एकटेच जाऊन आले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा हाताचा कंप आहे, गोळ्या घ्या, पण जाणार नाही, वाढेल. आबांनी तिला एवढंच सांगितलं होतं, की पोरीचं बोट बसू दे कामावर, मग सांगू. तिला रडायला येत नव्हतं, मला येत होतं. मी स्टोव्हपाशी बसून रडले आणि तिनं मला रडू दिलं. मग म्हणाली, "पुरे. वरणले मीठ घाल."

आज त्या दुपारचा विचार करते तेव्हा वाटतं, आबांना खरोखरच तो ढिलेपणा गाडीतला वाटत होता की काय? मी अनेक वर्षं मानत आले की ते जाणूनबुजून गाडीवर ढकलत होते. आता, त्यांच्या वयाची झाल्यावर, तसं वाटत नाही. माणसाला दोन्ही गोष्टी एकाच वेळी ठाऊक असू शकतात. सगळ्या धुळ्यात ज्याच्या हाताचं नाव आहे त्यानं आधी गाडीवरच संशय घ्यावा, यात खोटं काही नाही. मीसुद्धा हल्ली वाचता आलं नाही की दिव्याला नावं ठेवते.

विनूशेठ आले ते शेवटचे. नाशिकचे गृहस्थ दुसऱ्या दिवशी यायचे होते. विनूशेठांनी आबांना स्पष्टच सांगितलं, "मेस्तरी, झाला असेल तर बघू, नसेल तर राहू द्या, मी आहे तशी देतो." आवाजात राग नव्हता, कंटाळा होता, आणि तो रागापेक्षा वाईट. मायनं भांडं आणलं होतं. तिनं बशी पुढे केली ती अर्धीच भरलेली. विनूशेठ थट्टेनं म्हणाले, "वहिनी, आज चहाला काय झालं?"

"दूध कमी उनं आज," माय म्हणाली.

आबांनी त्या अर्ध्या बशीकडे पाहिलं. मग मायकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आम्हा दोघींना समजलंय हे त्यांना तिथे कळलं असावं, कारण त्यांचा काखेतला हात आपोआप बाहेर आला आणि सगळ्यांसमोर तसाच, उघडा, लटकत राहिला. ते मायला म्हणाले, "भर. काठलोंग भर." मायनं भांडं वाकडं केलं. मग त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. "आज हाई चालाडी, शेठ. बशी मी धरस."

विनूशेठ काहीतरी बोलणार होते, पण आबांच्या हाताकडे त्यांचं लक्ष गेलं. ते बाकड्यावर जाऊन बसले.

शेडसमोर मी गाड्या पुढेमागे केल्या होत्या, पण रस्त्यावर गिऱ्हाइकाची गाडी कधी चालवली नव्हती. आबा शेजारी बसले, दोन्ही हातांत बशी धरून, पाय जुळवून, जसे इतर लोक बसायचे तसे. मी पहिला टाकला, मग दुसरा. मग मध्ये आले, थांबले, तिसऱ्याला जागा दाखवली आणि तो गेला. गाडीला हिसका म्हणून बसला नाही. पण शेजारी बशीतून चहा सांडत होता. मी बघत नव्हते, पण मला त्यांच्या शर्टावर पडणारे थेंब जाणवत होते. मी चौथा टाकला, आणखी हळू, श्वास धरून, आणि चहा सांडतच होता. नाक्यापर्यंत बशी जवळजवळ रिकामी झाली. मी गाडी हळू करू लागले तसे ते म्हणाले, "चाल. चढ उना नही अजून." समोर लळिंगचा किल्ला उन्हात पांढरट दिसत होता. चढ सुरू झाला, इंजिन भरून आलं, आता चौथ्यावरून तिसऱ्यावर यायची वेळ झाली. त्यांनी बशी मांडीवर उलटी ठेवली आणि त्यांचा हात माझ्या हातावर आला, गरम, जाड, थरथरणारा. मी माझा हात सैल सोडला. आम्ही मध्ये आलो. तिथे त्यांनी मला थांबवलं, नेहमीसारखं. आणि मग तिसरा पडला. पडला तो कुणाच्या हातानं हे मला आजही सांगता येणार नाही. गाडीनं चढ धरला आणि ती वर निघाली.

"बठ्ठं जागावर शे," आबा म्हणाले. सगळं जागच्या जागी. माथ्यापर्यंत त्यांनी हात काढला नाही.

परत आलो तेव्हा विनूशेठ उठून उभे राहिले. आबा गाडीतून उतरले. शर्ट छातीपासून खालपर्यंत चहानं ओला, हातात कोरडी बशी. त्यांनी ती बशी विनूशेठांना दाखवली.

"गिअर बसना, शेठ," ते म्हणाले. "चहा मी पी लिधा."

विनूशेठांनी शर्टाकडे पाहिलं नाही. बशी हातात घेतली, ती उलटसुलट करून नीट पाहिली आणि म्हणाले, "बाबांनी याच चढावर तुम्हाला पास केलं होतं ना?" आबांनी मान हलवली. विनूशेठांनी किल्ली घेतली आणि गाडी घेऊन गेले. ती पुन्हा आम्ही कधी पाहिली नाही. शेड त्या पावसाळ्यापर्यंत कशीबशी चालली, मग बंद झाली. मी ती चालवायला घेतली असती तर गोष्ट छान झाली असती असं लोक मला सांगतात. त्यांना आग्रा रोड ठाऊक नाही. मी पुढे शिकले, जामनेरच्या शाळेत शिकवायला लागले, लग्न झालं. आबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, आणि त्या हातांनी त्यांना शेवटी शेवटी घासही तोंडापर्यंत नेऊ दिला नाही.

पण मला सांगायची आहे ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. स्टोव्ह फुरफुरला, हापसा कुरकुरला. मी अंथरुणातच होते. मायनं फळीवरून ती जुनी बशी काढली, पुसली, काठोकाठ चहा ओतला. आबा म्हणाले, "नको, सांडी जाई." माय त्यांच्यासमोर मांडी घालून बसली, दोन्ही हातांनी बशी उचलली आणि त्यांच्या ओठांना लावली. आणि मग तो भुरका, लांबलचक, गल्लीत ऐकू जाणारा. भिंतीपलीकडून अक्का म्हणाल्या, "उठना मेस्तरी." मी तोंडावर पांघरूण ओढून घेतलं आणि तो संपू नये म्हणून ऐकत पडून राहिले.